जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: पाचपैकी साडेतीन

डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, आणि त्यांवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर काढून त्या जागी बसणारं हे किट म्हणजे एक छोटं मॉड्यूल, वर फिरणाऱ्या रोटरखाली कॅमवर चढणारी चुंबकाची रिंग आणि दोन वायरी. काम नेटकं आहे. पण ट्रॅक्टर सुरूच होत नाही म्हणून किट मागवत असाल तर जरा थांबा. गंजलेला चावी-स्विच, सैल अर्थ किंवा मेलेली कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज स्पार्कइतकं वाढवणारी) यांवर किटचा काही इलाज नाही.

आधी कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या कोऱ्या लोखंडापासून 6 मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. निळा, कडकडीत स्पार्क आला तर दोष पुढे आहे: कॅपला तडा, रोटर, वायरी नाहीतर प्लग. स्पार्क पिवळट असेल किंवा येतच नसेल तर टेस्टर दिव्याचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला लावा. सेल्फ फिरताना दिवा लुकलुकला पाहिजे. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर तेलाचा थर आहे. अजिबात पेटला नाही तर चावीकडच्या टर्मिनलवर सप्लाय बघा. तिथे सप्लाय असेल तर कॉइल आतून तुटली आहे, पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे.

फोर्ड 8एन या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनसमोर बसणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला ही पहिली तपासणी लागू नाही. त्याची चौकोनी कॉइल थेट वरच बसते, मधली वायरच नसते. स्पार्क प्लगच्या वायरीवर बघावा लागतो. त्याचा पॉइंट गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) 0.015 इंच, 1950 मध्ये आलेल्या बाजूच्या डिस्ट्रिब्युटरचा 0.025. दोघांची किटंही वेगळी.

किटचा खरा फायदा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला धरणारी बुश थोडी झिजली असेल तेव्हा दिसतो. शाफ्ट हलला की पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो आणि इंजिन मिसिंग करतं. चुंबकाला तेवढी हालचाल चालून जाते. बुश फारच ढिली असेल तर मात्र रिंग मॉड्यूलला घासेल.

दीड गुण कुठे गेले? जुने 6 व्होल्टचे बरेच ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थचे (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले) असतात. निगेटिव्ह अर्थचं किट त्यांना जोडलं की मॉड्यूल तिथेच जळतं, आणि पाकिटावर ही सूचना बारीक अक्षरात. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ ओढताना व्होल्टेज इतकं पडतं की मॉड्यूल जागंच होत नाही. त्याच बॅटरीवर पॉइंट कसाबसा स्पार्क देऊन जातात. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तरी धोका आहेच. शिवाय तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी बदलून रेझिस्टर वायरी घ्याव्या लागतात, नाहीतर तांब्याच्या वायरींच्या विद्युत खरखरीने मॉड्यूल गोंधळतं. कॉइलचा रेझिस्टन्सही मोजून घ्या: बॅलस्ट (कॉइलचा प्रवाह कमी करणारा वेगळा रेझिस्टर) नसलेल्या 12 व्होल्ट सिस्टीमला साधारण 3 ओहम हवा, दीड ओहमची कॉइल थेट जोडली तर तापून मॉड्यूललाही घेऊन जाते.

बसवल्यावर टायमिंग नव्याने लावायचंच, कारण स्पार्कची वेळ सरकते. बेस प्लेटची अर्थ वायरही हाताने ओढून बघा. वरचं आवरण शाबूत दिसतं आणि आतली तार तुटलेली असते. काढलेले पॉइंट नि कंडेन्सर फीलर गेजसकट (गॅप मोजायच्या पट्ट्या) टूलबॉक्समध्येच ठेवा. मॉड्यूल शेतात मेलं तर दुरुस्त होत नाही.