मुलांच्या कार्यक्रमाला लेझर शो: भाड्याचा, डब्यातला, घरी जुळवलेला की सरळ एलईडी?

सोसायटीच्या गणपतीतला मुलांचा दिवस असो, शाळेचं गॅदरिंग असो की बालदिन, कमिटीच्या बैठकीत "या वेळी लेझर आणू या" असं कोणीतरी म्हणतंच. बजेट चार-पाच हजारांचं, हॉल क्लब हाउसचा आणि प्रेक्षक तीन ते बारा वर्षांचे. एवढ्यात बसणारे चार मार्ग दिसतात: साउंडवाल्याकडचा मोठा लेझर भाड्याने, ऑनलाइन मिळणारा ठिपक्यांचा छोटा डबा, मोटर-आरसे जुळवून घरी केलेला खेळ, नाहीतर लेझरचा नाद सोडून एलईडी. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिला नको, दुसरा पारखून, तिसऱ्यात खरी मजा, आणि हॉल रंगीत करायचं काम चौथ्याचं.

निवड करण्याआधी एक हिशेब डोक्यात हवा. लेझरचे शक्तीनुसार धोक्याचे क्लास ठरलेले आहेत. दिसणाऱ्या प्रकाशाचा 1 मिलिवॅटपर्यंतचा लेझर क्लास 2 मध्ये येतो. तो सुरक्षित मानतात ते माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान वळवतो या भरवशावर. 5 मिलिवॅटपर्यंत क्लास 3आर, 500 मिलिवॅटपर्यंत 3बी आणि त्यापुढे क्लास 4. डोळ्याचं भिंग ही बारीक शलाका डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) एका बिंदूवर गोळा करतं, त्यामुळे बुबुळावर पडते त्याच्या साधारण लाखपट तीव्रता आत पडद्यावर होते. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, ते वेगळंच. शिवाय पाव सेकंदाचा भरवसा मोठ्यांचा. मुलं "बघू कोण जास्त वेळ बघतो" अशी पैज लावतात. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेने 2014 मध्ये खेळण्यांतले लेझर क्लास 1 चेच, म्हणजे क्लास 2 हूनही सौम्य, ठेवा असं सुचवलं, त्याचं कारण हेच. मुलांच्या हॉलमध्ये 1 मिलिवॅट ही कमाल मर्यादा धरायची, आणि तीही भिंतीसाठी, डोळ्यांसाठी नाही.

भाड्याचा लेझर इथेच बाद होतो. साउंडवाल्याकडचे डबे वॅटमध्ये असतात, आणि 1 वॅट म्हणजे 1000 मिलिवॅट. "मॅडम, काही होत नाही, आम्ही मिरवणुकीत रोज मारतो" हे तुम्हाला ऐकायला मिळेलच. मिरवणुकीत काय झालं ते मात्र सगळ्यांनी वाचलंय: कोल्हापूर आणि पुण्यात 2023 च्या गणेशोत्सवात डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि 2024 मध्ये पुणे पोलिसांनी अशा लेझरवर बंदी घातली. 2008 मध्ये रशियात व्लादिमिर प्रांतातल्या एका खुल्या महोत्सवात पाऊस आला, कार्यक्रम तंबूखाली घेतला, आणि आकाशात जायचे झोत लोकांच्या डोळ्यांवर आले. कित्येकांच्या डोळ्यांचे पडदे भाजले.

मोठ्या शोसाठी अमेरिकेत साधा दंडक आहे: झोत प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून निदान 3 मीटर वर हवा. आता आपल्या क्लब हाउसचं छत बघा. दहा फूट, म्हणजे जेमतेम 3 मीटर, त्यात पंखे खाली लोंबतायत. झोत जायला जागाच नाही. त्यामुळे भाडं कितीही कमी सांगितलं तरी या हॉलसाठी हा पर्याय पर्यायच नव्हे.

ठिपक्यांचा डबा दिसायला गरीब. आत एक-दोन लेझर आणि पुढे जाळीसारख्या बारीक रेषांची फिल्म, जी एका शलाकेच्या शेकडो करते. आत 50 मिलिवॅट असले आणि 200 ठिपके समान वाटले गेले, तर एका ठिपक्याला पाव मिलिवॅट येतो. कागदावर छान, पण समान वाटणी होत नाही. मधला सरळ जाणारा ठिपका बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा दांडगा असतो. तपासायला खर्च नाही: डबा पांढऱ्या भिंतीकडे रोखा, मागे उभं राहून भिंतीवर बघा. एखादा ठिपका उठून दिसला तर डबा परत करा.

हिरव्या लेझरची आणखी एक भानगड आहे. स्वस्त हिरव्यामध्ये आधी 808 नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या रंगाचं, म्हणजे तरंगलांबीचं माप) अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, डायोड असतो, त्यावरून 1064 चा प्रकाश तयार होतो आणि मग एक स्फटिक त्याचा 532 चा हिरवा करतो. अवरक्त अडवणारा फिल्टर पैसे वाचवायला गाळला, की न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो आणि त्याला डोळे मिटत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने 2010 मध्ये असा एक हिरवा पॉइंटर मोजला, तर त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्तच जास्त येत होतं. 2013 मध्ये त्यांनी 122 पॉइंटर तपासले: जवळजवळ 90 टक्के हिरवे आणि 44 टक्के लाल तिथल्या नियमात बसले नाहीत. लेबलवर "5 मिलिवॅटपेक्षा कमी" छापायला शाई लागते, बाकी काही नाही. डबा घेतलाच तर उंच ठेवून छताकडे रोखा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा बांधा. हिरवा पॉइंटर मुलांच्या कार्यक्रमात आणूच नका, विज्ञानाच्या सरांनी आणला तरी.

आता घरचा खेळ. यात हवेतले झोत नाहीत, भिंतीवर फिरणारी नक्षी आहे, त्यामुळे धूर लागत नाही आणि फॉग मशिनचा खर्चही वाचतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत 650 नॅनोमीटरचं लाल मॉड्यूल, म्हणजे वायर जोडलेला सुटा छोटा लेझर, शंभराच्या आत मिळतं. खेळण्यातल्या दोन मोटरी, त्यांचा वेग बदलायला दोन रेग्युलेटर, अ‍ॅक्रिलिक आरशाचे तुकडे आणि जुना मोबाइल चार्जर धरून पाचशे-सातशेत काम होतं.

पहिली रचना गाण्यावर नाचणारी. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याचा तळ कापा, तोंडावर फुगा ताणून बसवा आणि त्यावर घागऱ्याला लावतात तसला छोटा आभला चिकटवा. मधोमध नाही, मध्य आणि कड यांच्या दरम्यान. मधोमध लावला तर तो नुसता पुढे-मागे होतो, कलत नाही, आणि नक्षी उमटत नाही. कापलेल्या बाजूला ब्लूटूथ स्पीकर टेपने बसवायचा, आणि लेझर आभल्यावर पाडून भिंतीकडे वळवायचा. ढोल लागला की भिंतीवर मोठे वेटोळे पडतात, बासरीवर बारीक गाठी. 1857 मध्ये लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोन ट्यूनिंग फोर्कना आरसे लावून अशाच आकृत्या काढल्या होत्या, तेव्हा लेझर यायला शंभर वर्षं होती.

दुसरी रचना मोटरींची. प्रत्येक मोटरच्या दांड्यावर आरसा अगदी किंचित तिरपा चिकटवायचा, आणि शलाका एका आरशावरून दुसऱ्यावर, तिथून भिंतीवर न्यायची. एक मोटर फिरली की वर्तुळ, दोन्ही फिरल्या की पाकळ्या. रेग्युलेटर फिरवत वेगाचं प्रमाण बदललं की पाकळ्यांची संख्या बदलते. इथे काच वापरू नका. मोटरवरून सुटलेला काचेचा तुकडा लेझरपेक्षा आधी इजा करेल. दोन्हीपैकी एकच करायची असेल तर लहान मुलांसाठी स्पीकरची करा, ती स्वतःच्या टाळ्यांनी हलते तेव्हा मुलं वेडी होतात. पाचवीच्या पुढच्यांना मोटरी जास्त आवडतात, कारण पाकळ्या मोजता येतात.

पण मॉड्यूल 5 मिलिवॅटचं आणि आपली मर्यादा 1 ची, त्याचं काय? शक्ती मोजायचं मीटर घरात नसतं. त्यावर सोपा तोडगा साध्या काचेचा आहे. शलाका जवळजवळ समोरून साध्या काचेवर पडली तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून 8 टक्के परावर्तित होते. सूक्ष्मदर्शकाची एक स्लाइड लेझरपुढे पक्की बसवा, तिच्यावरून परतलेली शलाका हलत्या आरशावर घ्या आणि आरपार जाणारी 92 टक्के डब्यातच काळ्या, न चमकणाऱ्या कार्डबोर्डवर संपवा. 5 मिलिवॅटचे 0.4 उरतात. लेबल खोटं निघून आत 10 असले तरी 0.8.

याची किंमत उजेडात मोजावी लागते. आपल्या डोळ्याला 650 चा लाल तेवढ्याच शक्तीच्या हिरव्याच्या साधारण आठव्या हिश्शाइतका दिसतो. त्यामुळे नक्षी तीन-चार फुटांचीच ठेवा आणि हॉल खरोखर काळोखा करा, दारावरचा एक्झिटचा दिवा सोडून. थोडे पैसे जास्त घालून 635 चं मॉड्यूल मिळालं तर तेवढ्याच शक्तीत दुप्पट उजळ दिसतं.

सगळं एका खोक्यात बंद करा, बाहेर पडायला फक्त भिंतीकडे एक चौकोनी खाच. आरसा निखळला तरी शलाका त्या खाचेबाहेर जाऊ शकत नाही. खोकं स्टेजच्या पुढच्या कडेला, तोंड मागच्या भिंतीकडे, म्हणजे मुलांकडे पाठ. पांढऱ्या कापडामागून नक्षी पाडायचा मोह होतो, तो टाळा. विणीतल्या भोकांतून थेट प्रकाश समोर येतो. चालू-बंदला घरच्या बेलचं बटण लावा: दाबून धरलं तरच लेझर लागतो, हात काढला की बंद. ते बटण मोठ्या माणसाकडे. लेझर चालू असताना स्टेजवर नाच नाही, निवेदन नाही, दोन कार्यक्रमांच्या मधली पाच मिनिटं फक्त त्याची.

आणि भिंत बघा. वाढदिवसाचा तो चकचकीत झिरमिळ्यांचा पडदा, फॉइलचे फुगे, काचेत मढवलेला फोटो, ढालींचं कपाट. जी शलाका तुम्ही मेहनतीने मुलांपासून फिरवली ती यांच्यामुळे परत मुलांकडे येते. डेकोरेशनवाल्याला हे आदल्या दिवशी सांगावं लागतं, त्याच्या मते चकचकीत नसलेला पडदा म्हणजे डेकोरेशनच नाही. रंगीत तालमीला चार मोठे पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसवा आणि त्या उंचीवरून कुठून काही चमकतं का ते बघा.

एलईडीबद्दल थोडक्यात. रंग बदलणारे दोन एलईडी पार, म्हणजे स्टेजचे गोल रंगीत दिवे, दीड-दोन हजारांच्या घरात येतात, भाड्याने त्याहून कितीतरी स्वस्त. छताकडे आणि बाजूच्या भिंतींवर मारले की सगळा हॉल बदलतो, जे घरच्या लेझरने कधीच होणार नाही. मंडपवाला "शार्पी", म्हणजे बारीक तीव्र झोताचा फिरता दिवा, देऊ का विचारेल. ती लेझर नसली तरी एवढ्याशा हॉलमध्ये डोळ्यांवर येते, नको म्हणा. स्ट्रोब, म्हणजे लखलखणारा दिवा, लावायचाच तर सेकंदाला 4 लखलखाटांच्या आत, कारण एखाद्या मुलाला आकडी येऊ शकते. मी तर तो बंदच ठेवते. काळ्या दिव्याची (ब्लॅक लाइट, म्हणजे अतिनील प्रकाशाची) ट्यूब उंचावर लावली तर शाळेचे पांढरे शर्ट आपोआप निळसर चमकतात, डिटर्जंटमधल्या चकाकी देणाऱ्या द्रव्यांमुळे. मुलांना यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि पालकांना कपडे धुतल्याचं समाधान.

खर्चात बसवायचं तर क्लब हाउससाठी दोन भाड्याचे पार आणि एक घरचा खोका, एवढंच घ्या. फक्त पाचशे रुपये असतील तर नुसता स्पीकरचा डबा. पण कार्यक्रम मैदानात किंवा गच्चीवर असेल तर घरचा लालही विसरा: तिथे पुरेसा अंधार नसतो, लेझर थांबवायला भिंत नसते आणि वरून विमानं जातात. तिथे एलईडी पार आणि काळी ट्यूब लावा, उरलेल्या पैशांत मुलांना चमकणाऱ्या रंगांच्या टोप्या करायला द्या.