गुहा मोहिमेचा लाइव्ह शो बघितला, व्हीआर सोडलं तर पैसे वसूल

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः थोडंफार केव्हिंग (गुहांमधे उतरून फिरणं) केलंय. म्हणजे पोटावर सरपटत चिखलातनं जायचं आणि जुमार (दोरावर पकड घेणारी क्लिप) मारत वर यायचं एवढं जमतं, पण आठवडेच्या आठवडे जमिनीखाली काढायची मोहीम वगैरे आपला प्रांत नाही. तिकीट काढताना धाकधूक होतीच, कारण असले प्रोग्राम म्हणजे बहुतेक वेळा ड्रोनचे शॉट, ढणाढणा म्युझिक आणि "मृत्यूच्या दाढेतून परतलो" छाप डायलॉग. पोस्टर पण अगदी तसंच होतं. ज्याने पोस्टर केलंय त्याने शो बघितला नसणार बहुतेक.

कारण शो तसा नाहीच्चे. स्टेजवर दोघंच, मोहिमेवर गेलेल्या टीमच्या लीडर बाई आणि त्यांचा फोटोग्राफर. सुरुवातीला एक पण फोटो नाही, आधी सूचना दिली आणि सरळ सगळे दिवे बंद केले. एक्झिटच्या पाट्या पण झाकलेल्या (दारापाशी टॉर्च घेतलेली माणसं उभी होती, ते आधीच सांगितलेलं). दोन मिनिटं फक्त कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज. मग बाई म्हणाल्या, आता हात डोळ्यासमोर हलवा, बऱ्याच जणांना हात दिसतोय असं वाटेल, पण तो दिसत नाहीये, मेंदू नुसता अंदाजाने दाखवतोय. खरंच! मला माझी बोटं दिसत होती हो, शपथ घेऊन सांगितलं असतं. माझ्या शेजारचे काका तर मोठ्याने "आयला" म्हणाले.

त्याच अंधारात त्यांनी मिशेल सीफ्रची गोष्ट सांगितली. 1962 मधे हा फ्रेंच माणूस घड्याळ न घेता दोन महिने गुहेत एकटा राहिला, आणि 14 सप्टेंबरला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशोबाने फक्त 20 ऑगस्ट झाला होता. पंचवीस दिवस गायब. आपण एरवी पण हे वाचून "अरे वा" म्हणतो, पण काळोखात बसून ऐकलं की पोटात गोळा येतो.

मग दोरांचा भाग. तो मला थोडा माहितीचा होता पण समजावला मस्त. जॉर्जियातल्या अबखाझियामधली वेरोव्किना गुहा 2200 मीटरपेक्षा जास्त खोल आहे, म्हणजे दोन बुर्ज खलिफा एकावर एक उभे केले तरी तळ लागत नाही, आणि 1968 मधे तोंड सापडल्यापासून तळ गाठेपर्यंत जवळपास 50 वर्षं गेली. एवढा वेळ का, हे मात्र बाईंनी दोर हातात घेऊन दाखवलं. दोर कुठे कपारीला घासला की संपलंच, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर भिंतीत बोल्ट मारून तो परत बांधायचा, आणि प्रत्येक गाठीपाशी लटकत्या अवस्थेत आपली क्लिप या दोरावरून त्या दोरावर घ्यायची. खोल गुहेत हे शेकडो वेळा. वर येताना परत तेवढेच वेळा, पाठीवर सामान असताना. ती चिखल वाळलेली पिशवी त्यांनी प्रेक्षकांत फिरवली, मी मांडीवर घेतली आणि पुढच्या माणसाकडे द्यायला दोन्ही हात लागले.

पुराचं पण तिथेच सांगितलं. वर डोंगरावर पाऊस पडला की चुनखडीच्या भेगांमधनं ते सगळं पाणी शाफ्टमधे (गुहेतल्या उभ्या विहिरीसारख्या भागात) गोळा होतं आणि खालच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. 2018 च्या सप्टेंबरमधे वेरोव्किनाच्या तळाशी असलेल्या टीमला असंच कॅम्प सोडून वर पळावं लागलं होतं. आत मोबाइल वगैरे काहीच चालत नाही, म्हणून असल्या मोहिमांमधे टेलिफोनची वायर अंथरत अंथरत खाली नेतात. चित्रपटात हे कधी दाखवत नाहीत, त्यांना वायर अंथरणारा माणूस हिरो वाटत नाही ना.

माझा सगळ्यात आवडता तुकडा फोटोग्राफरचा. त्याने एकच फोटो लावला, भलंमोठं दालन आणि मधे लाल सूट घातलेला शेंगदाण्याएवढा माणूस. आणि हा एक फोटो काढायला लागलेले चार तास सांगितले. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर उघडं, चार जण खडकांमागे लपून आपापला फ्लॅश घेऊन बसलेले, शिट्टी वाजली की एकेकाने उडवायचा. लाल सूटवाला कशाला, तर माणूस नसेल तर दालन घराएवढं आहे का देवळाएवढं ते कळतच नाही. आणि फ्लॅशच्या आधी सगळ्यांनी श्वास रोखायचा! गार दमट हवेत तोंडातली वाफ उजेडात धुक्यासारखी उजळते आणि फोटो वाया. पहिले अकरा फोटो एका सर्दी झालेल्या मेंबरमुळे गेले म्हणे. ते वाफाळलेले फोटो पण त्याने दाखवले, मला खरं तर तेच जास्त आवडले.

नकाशाचा भाग काही लोकांना बोअर झाला, मागे एकाचा मोबाइल चालू झालेला दिसला. मला नाही झाला. नवीन पॅसेज सापडला तर नुसतं पळत पुढे जायचं नसतं, लेझरने अंतर, दिशा, चढ-उतार मोजत जायचं आणि वहीत हाताने स्केच काढायचं, नाहीतर पुढच्या टीमला तुमच्या शोधाचा उपयोग शून्य. ती चिखलाची वही स्क्रीनवर लावली होती, कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं "इथून पुढे वारा येतोय". वारा येतोय म्हणजे पुढे गुहा आहे. व्हिएतनामची सोन दूंग गुहा पण स्थानिक हो खान्हला अशीच सापडली होती, तोंडातनं वारा आणि आत नदीचा आवाज. मग त्यालाच ती जागा परत सापडेना, 2008 मधे सापडली, आणि 2009 ला तो ब्रिटिश टीमला घेऊन गेला.

आता तक्रारी. व्हिडिओंवर मागे सिंथचं म्युझिक टाकलंय, कशाला पण? सुरुवातीला दोन मिनिटं ठिबकणारं पाणी ऐकवून कान तयार केलेत आणि मग धबधब्याच्या शॉटवर संगीत! मूळ आवाज ठेवा की राव. दुसरं म्हणजे बाहेरचा व्हीआर, म्हणजे हेडसेट लावून गुहेत असल्यासारखं बघायचं. पाऊण तास रांग, हेडसेटची पट्टी घामट, चित्र अडकत अडकत चालणारं, तीन मिनिटांत मळमळायला लागलं. आणि आत इतका लख्ख उजेड की गुहा आहे का मॉल तेच कळेना. आयोजकांनी ते बंद केलं तरी कोणाचं काही बिघडणार नाही.

प्रश्नोत्तरं जेमतेम दहा मिनिटं, ते फार कमी. त्यात पहिलाच प्रश्न, "तुमच्या मोहिमेची ही गुहा नक्की कुठे आहे, लोकेशन द्या ना." बाईंनी हसून नाही म्हटलं. तो म्हणाला तिकीट काढलंय आम्ही. मग का नाही ते समजवायला त्यांनी फ्रान्समधल्या लास्को या प्राचीन चित्रांच्या गुहेचं सांगितलं, लोकांच्या नुसत्या श्वासाने आणि दिव्यांनी भिंतींवरची चित्रं खराब व्हायला लागली म्हणून 1963 मधे ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. आणि बूट-कपड्यांवरनं बुरशी एका गुहेतून दुसरीत जाते, अमेरिकेत तसल्या एका बुरशीने लाखो वटवाघळं मेलीत, म्हणून त्यांची टीम प्रत्येक मोहिमेनंतर सगळं सामान निर्जंतुक करते. अगदी स्वतःची शी सुद्धा डब्यात भरून वर आणतात. त्यावर हॉलमधे जे हशा-टाळ्या झाल्या ते वेगळंच. तो माणूस मात्र शेवटपर्यंत फुरंगटून बसला होता.

जाणार असाल तर मधल्या रांगा घ्या, साइडने स्क्रीनवरचा नकाशा तिरका दिसतो. लहान मुलांना अंधाराचं आधी सांगून ठेवा, आमच्या पुढची एक चिमुरडी रडली, पण ती पिशवी बघायला सगळ्यात आधी तीच उठली. पाच पैकी चार स्टार, एक व्हीआरने खाल्ला.