डबा मी खातो, तर फोनही मलाच करा

मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीजवळ एक महिला बचत गट ज्येष्ठांसाठी घरपोच डबा देतो. आम्ही दोघं नवरा-बायको गेल्या पावसाळ्यापासून तो घेतोय. गावी आईवडील एकटे असलेले बरेच चाकरमानी अशी सोय शोधत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी एसटीचा निवृत्त कंडक्टर, वय 76, रक्तदाबाची गोळी चालू. आमच्या हिला साखर (मधुमेह) आहे, आणि गुडघ्यांमुळे गॅसपुढे फार वेळ उभं राहवत नाही.

डबा साडेबाराला येतो म्हणजे साडेबारालाच येतो. एवढी वेळ पाळणारी गाडी मी उभ्या नोकरीत बघितली नाही. यात कौतुकापेक्षा गरज जास्त आहे. मधुमेहाची गोळी पोटात गेली आणि जेवण लांबलं तर साखर उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरायला लागतात. हिला तसं एकदा झालंय. हे वहिनींना (गटाचं स्वयंपाकघर सांभाळतात त्या) पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हापासून आमचा डबा वाटेतल्या सगळ्या घरांच्या आधी येतो.

जेवण आपलंच. उकड्या तांदळाचा मऊ भात, कुळथाची पिठी नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ, एक पालेभाजी, नाचणीची भाकरी, आणि रोज पेजेची बाटली. म्हातारपणी तहान लागलेली कळत नाही, त्यामुळे पाणी प्या म्हणून सांगून कोणी पीत नाही. पेज मात्र पितो. भूक कमी होते पण अंगाला प्रथिनं लागायची तेवढी लागतातच. नुसत्या वरणभातावर दिवस काढणारी म्हातारी माणसं मी वाडीत बघतो, चार महिन्यांत दंड सुकतात. कुळथात 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हे सगळं आमच्याच मळ्यात पिकत होतं, आणि आम्ही पाहुणे आले की पाव आणायचो!

मीठ कमी असतं. पहिले काही दिवस मला ते जेवण आजाऱ्याचं वाटलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. आमच्या घरात तेवढं लोणच्यातूनच जायचं. वहिनींनी जास्तीचं मीठ घातलं नाही, पण माझी तक्रार धुडकावलीही नाही. बांगड्याच्या तिकल्यात (तिखट कालवणात) तिरफळांचा मसाला वाढवला, उसळीवर लिंबाची फोड द्यायला लागल्या. सोलकढी आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) करायच्या ती बंद केली, कारण आगळात मीठ असतंच. आता बिनमिठाची आमसुलं भिजवून करतात. ही गोष्ट मला कुठल्या डॉक्टरने सांगितली नव्हती.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत मी सुक्या बांगड्यासाठी हट्ट धरला. वहिनी म्हणाल्या, "काका, तुमचा प्रेशर तुमका माहीत. मी दोन येळा पाण्यात भिजवन, धुवन देतंय, आठवड्यातसून एकदाच. चलात?" चाललं. बाकी दिवस अंडं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. डब्याचे पैसे मुलगा देतो. एसटीवाल्यांची पेन्शन म्हणजे ईपीएस-95, प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन योजना. तिच्यात महिन्याचा डबा बसत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पैसे तो देतो म्हणून त्याने डोंबिवलीहून फोन करून कळवलं, पप्पांचा रात्रीचा भात बंद करा. वहिनींनी उत्तर दिलं, "मी काकांकाच इचारतंय." आणि खरंच विचारलं. मी सांगितलं, साखर हिला आहे, मला नाही. हिचा भात अर्धा करा, माझा राहू दे. मुलगा थोडा रुसला. रुसू दे.

याआधी त्यानेच शहरातल्या एका संस्थेकडून दिवसभरासाठी बाई ठेवली होती. कामाला वाईट नव्हती. पण मी समोर बसलेला असताना फोनवर "आजोबांनी आज सगळं संपवलं हं" असं कौतुक, वर रिकाम्या ताटाचा फोटो मुलाला. मी आठ-आठ तास घाटातल्या गाडीत उभा राहून पै-पैचा हिशेब दिलेला माणूस, मला भाकरी संपवल्याबद्दल शाबासकी? बाजारात जाऊ देत नसे, पडाल म्हणून. पंचाहत्तरी झाल्यावर एसटी फुकट झाली, 2022 पासूनची सवलत ती, आणि मी खळ्यात (अंगणात) खुर्चीवर! वहिनी उलट काम सांगतात: "बाजारात जातास तर बांगड्याचो भाव इचारून येवा." मी जातो, भाव विचारतो, कल्ले उचलून बघतो आणि ताजा असेल तर फोन करतो.

लक्ष नसतं असं मात्र नाही. परत गेलेल्या डब्यात हिची भाकरी सलग उरलेली दिसली, तर वहिनी स्वतः आल्या, हिच्याजवळ पडवीत बसल्या. ही मला बोलली नव्हती. कवळी हिरडीला लागत होती. दाताच्या डॉक्टरने ती घासून नीट करेपर्यंत भाकरीऐवजी आंबील आली. मुलाला हे आम्हीच नंतर सांगितलं.

खोड्याही आहेत. डब्याच्या कड्या इतक्या घट्ट की संधिवाताच्या बोटांनी उघडत नाहीत. मी चमच्याच्या दांड्याने उचकटतो. दोनदा सांगून झालं, अजून तेच डबे. रात्रीचं जेवण दुपारच्या डब्यातच येतं, संध्याकाळी भाकरी चिवट होते. रविवारी सुट्टी. चतुर्थीत बायका आपापल्या घरच्या गणपतीत, तेव्हा गट बंद, त्या दिवसांची तजवीज आधी करून ठेवावी लागते. सोमवार-गुरुवार मटकीची उसळ इतकी ठरलेली की वार विसरलो तरी डबा उघडून कळतो.

शाकाहारी डबा 80 रुपये, माशांचा 120. पाचपैकी चार देतो. कड्या बदलल्या की साडेचार. तुमच्या गावच्या बाजूला असा गट असेल तर डबा ठरवताना दोन गोष्टी विचारा: गोळीच्या वेळेला डबा पोचेल का, आणि जेवणात बदल करायचा तर फोन कोणाला करणार. दुसऱ्याचं उत्तर "तुमच्या मुलाला" असं आलं, तर आधी नंबर आईवडिलांचा लिहून द्या.