स्तनाच्या कर्करोगानंतर बाळ: हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या मध्येच थांबवायच्या की पाच वर्षं पुरी करायची?

केमो संपली, रेडिएशन झालं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या फेऱ्या महिन्यांच्या अंतरावर आल्या, की मूल हवं असलेल्या बाईच्या मनात पहिला प्रश्न भीतीचा येतो. दिवस गेले तर आजार उलटेल का? गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं आणि बऱ्याच जणींचा आजार त्याच्यावरच पोसलेला असतो, म्हणून ही शंका रास्तच आहे. कितीतरी वर्षं डॉक्टरही याच कारणाने 'नकोच' म्हणत. आजवरच्या अभ्यासांत मात्र उपचारांनंतर गरोदर राहिलेल्या बायकांचा आजार जास्त उलटल्याचं दिसलेलं नाही. म्हणून 'बाळ की जीव' अशी मांडणी मला मान्य नाही. ठरवायचं असतं ते कधी, आणि थांबलो तर थांबण्यातून काय पदरात पडतं.

त्यासाठी आधी बायोप्सीचा रिपोर्ट बाहेर काढा. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनवर किंवा हर-टू प्रथिनावर न पोसणारा प्रकार) असेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या नसतात, आणि आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो, पुढे बराच उतरतो. इथे थांबल्याचा थेट फायदा आहे. बहुतेक ऑन्कोलॉजिस्ट साधारण दोन वर्षं थांबा म्हणतात, ते ऐकावं. हर-टू पॉझिटिव्ह (ते प्रथिन जास्त असलेला प्रकार) असेल तर ट्रास्टुझुमॅबच्या शेवटच्या डोसनंतर सात महिने दिवस राहू देऊ नयेत, कारण त्या औषधाने बाळाभोवतीचं पाणी कमी होतं.

खरा पेच ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारा आजार असलेल्यांचा आहे, आणि बहुसंख्य बायका याच गटातल्या. टॅमॉक्सिफेन किंवा तशा गोळ्या पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायच्या, आणि त्या चालू असताना गरोदर राहायचं नाही, कारण टॅमॉक्सिफेनने गर्भात व्यंग येऊ शकतं. या प्रकारात धोका हळूहळू, लांबवर पसरलेला असतो. दहा-पंधरा वर्षांनीही आजार परतू शकतो. म्हणजे 'पाच वर्षं पुरी झाली, आता सुटलो' असा दिवस उगवत नाही. गोळ्या धोका नक्कीच कमी करतात, पण नुसतं थांबल्याने तो संपत नाही.

मग गोळ्या मध्येच थांबवल्या तर? यावर 'पॉझिटिव्ह' नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बेचाळीस वर्षांपर्यंतच्या ५१८ जणींनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन, जास्तीत जास्त दोन वर्षांची विश्रांती घेतली. जवळपास ७४ टक्के जणींना दिवस राहिले, ६४ टक्के जणींना जिवंत मूल झालं. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के होतं, आणि गोळ्या न थांबवलेल्या तशाच बायकांच्या जुन्या आकडेवारीत ९.२ टक्के. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत दिलासा देणारा पुरावा आहे. पण तो पूर्ण वाचायला हवा. यातल्या बहुतेक जणी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या, आणि या आजाराच्या मानाने तीन वर्षं थोडीच. काखेतल्या बऱ्याच गाठींत आजार पोचला असेल, तर हे आकडे तुमचे म्हणून धरू नका. अशा वेळी ऑन्कोलॉजिस्ट 'आणखी थोडं थांब' म्हणाले, तर त्या म्हणण्याला वजन आहे.

आता दुसरी बाजू, कोर्स पुरा करण्याची. बत्तिसाव्या वर्षी निदान झालं, उपचारांत वर्ष गेलं, पाच वर्षं गोळ्या, की अडतिसावं उजाडतं. पस्तिशीनंतर बीजांडं तशीही घटतात, आणि सायक्लोफॉस्फामाईडसारख्या केमोने ती आधीच कमी झालेली असतात. दोन वर्षांनी गोळ्या थांबवल्या तर तीच बाई पस्तिशीत असते. निदान सत्ताविसाव्या वर्षी झालं असेल तर मात्र घाई कशाला? पाच वर्षं पुरी करून बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी बाळाचा विचार करायला पुष्कळ वाव आहे. केमोच्या आधी भ्रूण किंवा बीजांडं गोठवून ठेवली असतील तर वयाचा ताण बराच हलका होतो. नसतील तर एएमएच ही रक्ततपासणी करून घ्या, पण आकडा कमी आला म्हणून आशा सोडू नका. बीजांडं किती उरली याचा अंदाज त्यातून येतो, मूल होणारच नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, २०२३ पासून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) मोफत आहे, तिथे चौकशी जरूर करावी. हार्मोनवर पोसणारा आजार असेल तर बीजांडं वाढवण्याच्या इंजेक्शनांसोबत लेट्रोझोल देतात, म्हणजे इस्ट्रोजेन फार चढत नाही.

विश्रांती घ्यायची ठरली तर नुसत्या गोळ्या बंद करून चालत नाही. आधी मॅमोग्राफी आणि तपासण्या. लाल रंगाची केमो किंवा डाव्या बाजूचं रेडिएशन झालं असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी), कारण बाळंतपणात हृदयावर भार येतो. टॅमॉक्सिफेन अंगातून जायला तीन महिने. तोवर तांबी वापरा. पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. आणि बाळ झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बाळ दुधावर असताना 'अजून थोडे दिवस' म्हणत गोळ्या राहून जातात, म्हणून परतीची तारीख आधीच घरातल्यांसमोर ठरवावी. रेडिएशन झालेल्या बाजूला दूध नसतं किंवा थोडंच येतं, दुसऱ्या बाजूवर बाळ वाढू शकतं. केमो झालेल्यांना बाळ लवकर होण्याची किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता थोडी जास्त असते. व्यंगाचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसत नाही.

बीआरसीए जनुकात दोष निघाला असेल तर हिशेब बदलतो. तो दोष मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून हे टाळता येतं. बीआरसीए-१ मध्ये पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय काढायचा सल्ला देतात, म्हणून अशा बाईने फार थांबू नये.

सरोगसीचा विचार करणाऱ्यांनी २०२१ चा कायदा आधी समजून घ्यावा. पैसे देऊन सरोगसी बंद आहे, वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची बाई स्वेच्छेने पुढे यावी लागते. बहुतेकांसाठी हा रस्ता अरुंदच. त्या मानाने दत्तक घेणं मला जास्त मोकळं वाटतं, कारण त्यात गोळी एक दिवसही चुकत नाही. 'कारा'च्या (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नियमांत पालकाला जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे, म्हणून ऑन्कोलॉजिस्टकडून प्रकृतीचं स्पष्ट पत्र घ्या. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पर्यंतच चालते, आणि वाट काही वर्षांची असते. बाळाचा प्रयत्न चालू असतानाच नोंदणीची चौकशी केलेली बरी.

गोव्यात पेडणे-सत्तरीकडे अशा वेळी देवीला कौल लावतात. जरूर लावावा, त्याने धीर येतो. पण कौल लावण्याआधी ऑन्कोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं असावं. दोघांकडे वेगवेगळं जाऊन दोन उत्तरं घेऊन आलेली बाई मध्येच अडकते.

आणि मूल नको असं ठरलं तर तोही पुरा निर्णय आहे. केमोने थकलेल्या शरीराला पुन्हा कशातही घालायचं नाही, असं एखादीला वाटलं तर तिला कोणापुढे वैद्यकीय कारण द्यावं लागू नये. गणेशचवथीला भरल्या घरात 'कधी देतेस गोड बातमी' असं कोणी विचारलं, तर उत्तर द्यायचं काम नवऱ्याने अंगावर घ्यावं.