हेकोलिन (हिपॅटायटिस ई ची लस): लस भारी, पण जिला हवी तिच्यापर्यंत जातच नाही

कावीळ म्हटलं की लोक बी आणि सी चंच बोलतात, ई कडे कुणी बघतच नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. हा व्हायरस मुख्यतः घाण पाण्यातून पसरतो, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की साथ आलीच, 1955-56 ला दिल्लीत असंच होऊन जवळपास 29 हजार लोकांना कावीळ झाली होती आणि ती ई ची होती हे कितीतरी वर्षांनी कळलं. (काही प्रकार अर्धकच्च्या डुकराच्या मांसातूनही येतात, पण मोठ्या साथी पाण्याच्याच.) बहुतेक जण आपोआप बरे होतात. गरोदर बाईचं मात्र तसं नाही, शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

आता लसीबद्दल. चीनमध्ये 2011 ला मंजुरी मिळाली. त्याआधी तिथल्या जिआंगसू प्रांतात एक लाखाहून जास्त लोकांवर ट्रायल झाली, तीन डोस पूर्ण झाल्यावर पुढच्या वर्षभरात लसवाल्या गटात एकही केस नाही आणि दुसऱ्या गटात 15. दहा वर्षांनी पाहिलं तरी संरक्षण 86 टक्क्यांच्या वर! कामाच्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क, यात मला काही शंका नाही.

तक्रार आहे ती वापरण्याबद्दल. डोस तीन, पहिला आज, दुसरा महिन्याने आणि तिसरा थेट सहाव्या महिन्यात, आता ज्या कॅम्पात लोक पुरामुळे नाहीतर लढाईमुळे सारखे हलतायत तिथे सहा महिन्यांनी तीच बाई पुन्हा कशी सापडणार? त्यात प्रत्येक डोस वेगळ्या भरलेल्या सिरिंजमध्ये येतो, 2 ते 8 डिग्रीत ठेवायचा, म्हणजे कोल्ड बॉक्समध्ये जागा भरपूर खाते. शिवाय मंजुरी 16 वर्षांवरच्यांसाठीच.

आणि सगळ्यात जास्त राग येतो तो वेळेचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 ला सांगितलं की साथीत ही लस वापरायचा विचार करा, गरोदर बायकांसाठीसुद्धा, आणि साथ रोखायला ती पहिल्यांदा वापरली गेली 2022 मध्ये, दक्षिण सुदानच्या बेंटिउ कॅम्पात, तेही एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही मदत संस्था) आणि तिथलं आरोग्य मंत्रालय मागे लागले म्हणून. मधली सात वर्षं बायका मरतच होत्या ना! नेपाळी सैनिकांवर दुसऱ्या एका लसीची ट्रायल झाली होती, निकाल 2007 ला आला, 95 टक्के परिणाम, आणि ती तर बाजारात आलीच नाही.

गरोदरपणाचं अजून नीट स्पष्ट नाहीये. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात झालेल्या ट्रायलमध्ये गर्भ राहण्याच्या आसपास लस घेतलेल्यांत गर्भपात जास्त दिसले, बेंटिउच्या पाहणीत तसं दिसलं नाही. म्हणून साथ नसताना मूल होऊ द्यायच्या बरंच आधी तिन्ही डोस घेऊन मोकळं व्हावं असं माझं मत, पण साथ पेटलेली असताना सातव्या महिन्यातली बाई समोर बसली असेल तर काय करायचं हे तिथल्या नर्सवर सोडून चालणार नाही, यासाठीचा मोठा अभ्यास आत्ताच व्हायला हवा.