सात महिन्यांनंतर : सगळी नाटकं एका नटाची

फेब्रुवारीत मी या गिटारला पाचपैकी चार तारे दिले होते. पाचवा कापला तो माझ्या बोटांपायी. 'गिटार झकास, वाजवणारा गंजलेला' असं लिहून मोकळा झालो होतो. आज ते मागे घेतोय. गंज होताच, नाही म्हणत नाही. पण सहा महिने ज्या गोष्टीचं खापर मी स्वतःच्या वयावर फोडत होतो, ती प्लास्टिकची निघाली, जेमतेम ४३ मिमी लांब.

जानेवारीत घेतली, ११,५०० रुपयांना. ऑनलाइन घेतली, कारण इथे नाशिकच्या कॉलेज रोडवर हीच तेरा हजार सांगितली आणि 'बॅग फ्री' म्हणून वर उपकारही केले. ड्रेडनॉट (मोठ्या पोटाची), सॉलिड टॉप (वरची फळी अखंड लाकडाची), बाकीचे स्पेक्स तुम्हाला पाठ असतीलच. कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटीचे पाच महिने अजून शिल्लक आहेत.

कॉलेजात वाजवायचो. मग नोकरी, लग्न, घराचा हप्ता, आणि वीसेक वर्षं गिटार इंदिरानगरच्या घरात माळ्यावर. कोलकात्याची होती. तारा सैल न करता ठेवली, वर स्लॅब एप्रिल-मेमध्ये तव्यासारखा तापतो, त्यामुळे खाली काढली तेव्हा नेकचं, म्हणजे दांड्याचं, धनुष्य झालेलं. बारा नंबरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) तारेखालून पेन्सिल आरपार गेली. ती गिटार आता भिंतीवर आहे.

नव्या गिटारचा आवाज पहिल्या दिवसापासून आवडला, आजही आवडतो. खर्ज भरदार, उजवा हात तर दहा मिनिटांत जुन्या चालीवर आला. डाव्या हाताची मात्र कोरी पाटी. बोटांच्या टोकांना पहिले पंधरा दिवस आग, मग चौथ्या आठवड्यात घट्टे आले. इथवर सगळं अपेक्षित होतं.

अडलं ते एफवर. एफची बार कॉर्ड (सगळ्या तारा एका बोटानं दाबून धरायची सुरांची जुळणी) म्हणजे हौशी गिटारवाल्यांचं द्वारका सर्कल, सगळे तिथेच अडकतात. पण कॉलेजात मी हे सर्कल पार केलं होतं हो! आता तर्जनी सहा तारांवर आडवी ठेवून कितीही दाबली तरी दोन तारा मुक्या. अंगठ्याच्या मुळाशी कळ. बायको म्हणाली, "अहो, चव्वेचाळीस वय झालं, कशाला हट्ट?" मला ते पटलं, याचाच आता राग येतो.

आणखी एक खूण होती, ती मी कानाआड केली. 'जी' (G) कॉर्ड गोड लागायची, 'सी' (C) कडू. ट्यूनर ॲपवर सहाही तारा बिनचूक, तरी सी वाजवली की काहीतरी खुपायचं. मी समजलो, कानही गेले.

मग उपाय सुरू केले. सगळे चुकीच्या जागी. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव फेरा पिळला. तो नेकच्या वाकासाठी असतो आणि नेक मुळात सरळच होती, त्यामुळे चौथ्या-पाचव्या फ्रेटला तारा झणझणायला लागल्या. पाव फेरा परत सोडला. बाराच्या जाड तारा काढून दहाच्या बारीक लावल्या, ५५० रुपये. ताण कमी झाल्यानं थोडं हलकं वाटलं आणि आवाजातला भरदारपणाही तेवढाच हलका झाला. जूनमध्ये पाऊस लागला आणि लाकडानं ओल धरली. टॉप फुगून ब्रिज (तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी) वर येतो, तसा आला. बाराव्या फ्रेटवरची तारांची उंची २.६ मिमीवरून ३.१ वर. कंपनीत येणाऱ्या मालाच्या खोक्यांतली सिलिका जेलची पाकिटं गोळा करून बॅगेत टाकली. फुकट उपाय, आणि सांगायला हरकत नाही, सगळ्यांत जास्त उपयोगी. महिनाभरात २.८ वर आली. एफ मात्र तिथेच.

जुलैत भाचा आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी धडपड त्यानं पाच मिनिटं बघितली. मग खिशातून कॅपो काढला, पहिल्या फ्रेटवर चिमटा लावला आणि म्हणाला, "मामा, आता एफचाच आकार एक घर वर धरा." धरला. सहाच्या सहा तारा बोलल्या. मी गिटारकडे बघतोय आणि कार्टं माझ्याकडे बघून हसतंय. म्हणे, "बोटं ठीक आहेत मामा. नट उंच आहे."

नट म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. कॅपो लावला की तारा पहिल्या फ्रेटवर टेकतात आणि नटाचा संबंध संपतो. तरीही हात जड जात असेल तर दोष दुसरीकडे. माझ्याकडे संबंध संपताच संसार सुखाचा झाला.

आता माझी खरी लाज ऐका. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे. आयुष्यभर दुसऱ्याचा माल मोजून रिजेक्ट केलाय, आणि घरातला पीस सहा महिने मोजला नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणलं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघायचं. कागदाएवढी हवी, ०.०५ मिमीच्या आसपास. जाड ई तारेखाली ०.४५ निघाली. बारीक ईखाली ०.४०. एवढं खाली दाबताना तार ताणली जाते, म्हणजे स्वर चढतो. ट्यूनरवर पाहिलं, मोकळी ई बरोबर, पहिल्या फ्रेटवरचा एफ १८ सेंट वर. एका फ्रेटचं अंतर १०० सेंटचं असतं, त्यातले अठरा म्हणजे कानाला टोचणारच. सीमध्ये दुसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबावी लागते, जीमध्ये पहिल्या फ्रेटला कोणी हातच लावत नाही. सी का कडू लागायची ते असं. कान शाबूत होते.

आकड्यांसकट कंपनीला मेल केला, फोटो जोडले. अकरा दिवसांनी फोन आला. "सर, फॅक्टरी सेटिंगच आहे. टॉलरन्समध्ये आहे." मी विचारलं, टॉलरन्स किती? ड्रॉइंग पाठवा. पलीकडे शांतता. मग, "नवीन शिकणाऱ्यांची बोटं दुखतातच सर." मला! शेवटी म्हणाले, स्वखर्चानं पाठवा, मूळ खोक्यात. खोकं मी मार्चमध्ये रद्दीवाल्याला दिलं होतं, बारा रुपये मिळाले होते.

शहरातला एक जण सेटअपचे १,२०० मागत होता. त्याचं काही चुकत नाही, काम कसबाचं आहे. पण गिटारच्या किमतीच्या दहा टक्के, तेही दुसऱ्यानं केलेल्या घाणीसाठी? माझ्या हातून सुटेनात. स्वतः करायचं ठरवलं.

नटाच्या खाचेला तारेच्या जाडीचीच कानस लागते आणि तिचा सेट महाग. जाड तारांसाठी काढून ठेवलेल्या जुन्या तारांचे तुकडेच कानशीसारखे चालवले, पीळ असल्यानं त्या छान खातात. चौथीसाठी, म्हणजे डी तारेसाठी, हॅक्सॉ ब्लेड घेतलं आणि तिथेच नडलो. दोन हात जास्त पडले. मोकळी डी झाण्ण करायला लागली. घासलेलं परत येत नाही हे मी ट्रेनींना रोज सांगतो.

भाच्याला फोन. तो म्हणाला, खाचेत खायचा सोडा भरा आणि वर फेविक्विकचा थेंब टाका, क्षणात दगड होतं, मग पुन्हा घासा. सोडा मागितला तर स्वयंपाकघरातून प्रश्न, "भजी कुणी सांगितली?" चिमूटभर मिळाला. झालं, खरंच दगड. यावेळी ब्लेड न वापरता तारेचा तुकडा, चार घासे आणि गेज, चार घासे आणि गेज, असं करत रात्री साडेअकराला डी शांत झाली. आता सहाही तारांखाली ०.०५ ते ०.०८.

एफ वाजतो. पहिल्या झटक्यात नाही, पण वाजतो, आणि अंगठ्याची कळ गेली. काल बाराच्या तारा परत चढवल्या. खाचा थोड्या रुंद कराव्या लागल्या, पण खर्ज परत आला. बाकी ट्यूनिंगच्या चाव्या ठीक, बॅगेची चेन भिकार. आवाजाला पाचपैकी पाच, नटाला शून्य. सरासरी काढायची तर अडीच द्या. तुमची नवी गिटार आली की आधी कॅपो लावून एफ धरून बघा, आणि खोकं जपून ठेवा.

एक खर्च धरायचा राहिला. बारीक दोन तारांच्या खाचांना मला काही सापडेना, तेव्हा गेजच्या ०.३० च्या पात्याला दाते पाडले आणि त्यानंच घासलं. गेज स्टोअरचं आहे, आणि स्टोअरवाल्यानं आतापर्यंत दोनदा मागितलंय.