माध्यम-प्रशिक्षणाचे आठ महिने आणि १४ मिनिटांचं रेकॉर्डिंग

कार्यशाळेतल्या माझ्या सराव-मुलाखतीचं रेकॉर्डिंग अखेर परवा रात्री मिळालं. १४ मिनिटांची फाईल. ती हातात यायला तीन महिने, ११ ईमेल आणि चार फोन लागले. हा अनुभव मी डिसेंबरातच लिहायला घेतला होता, आणि तेव्हा तो बराच गोड झाला असता.

मी सहायक पोलीस निरीक्षक आहे, जिल्ह्याच्या माध्यम कक्षाचं काम माझ्याकडे आहे. पोलीस प्रवक्त्यांसाठी खासगी संस्था दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतात, त्यातली एक मी गेल्या जुलैत पुण्यात केली. जीएसटी धरून ११,८०० रुपये. मंजुरीची फाईल टेबलाटेबलावर फिरत राहिली, म्हणून पैसे मी स्वतःच्या खिशातून भरले. त्यामुळे रुपया न् रुपयाचा हिशेब मागायचा मला हक्क आहे असं मी मानते. तोंडासमोर कोंबलेले बूम, म्हणजे वाहिन्यांचे माईक, लाईव्हचा सराव, तीन मुद्द्यांचं कार्ड हे सगळीकडे सारखंच असतं, त्यावर लिहीत बसत नाही.

आधी जे खरोखर कामी आलं ते. पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला आपापली एक जुनी प्रेसनोट मोठ्यानं वाचायला लावली. माझी अशी होती : ‘फिर्यादी यांचे राहते घराचे बंद दरवाजाचा कडीकोयंडा कोणीतरी अज्ञात इसमाने तोडून आत प्रवेश करून सदर मुद्देमाल चोरून नेला.’ सर म्हणाले, “आता हेच तुमच्या आईला फोनवर सांगा.” मी म्हणाले, “घर बंद होतं. कडी तोडून चोर आत शिरले, दागिने नेले.” त्या दिवसापासून बाईटमधून, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेल्या छोट्या प्रतिक्रियेतून, ‘सदर’, ‘नमूद’, ‘मिळून आला’ गेले ते गेलेच. ऑक्टोबरात ऑनलाईन फसवणुकीबद्दल बोलताना मी एवढंच म्हटलं : “पोलीस कुणालाही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० वर कळवा.” चार दिवसांनी एक निवृत्त गुरुजी ठाण्यात आले. तसाच फोन त्यांना आला होता आणि हे वाक्य आठवून त्यांनी तो ठेवला होता. माझे ११,८०० त्या दिवशी वसूल झाले असं मला वाटलं, आणि आजही त्या एका तासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

फोनोचं, म्हणजे वाहिनीला फोनवरून दिलेल्या माहितीचंही तसंच. पूर्वी जीपमध्ये बसल्या बसल्या, अर्धवट माहितीवर मी बोलून जायचे. आता “पाच मिनिटांत मीच फोन करते” म्हणते आणि खरंच करते. पत्रकार थांबतात. फोन केला नाही तर मात्र पुढच्या वेळी थांबत नाहीत.

जे चाललं नाही ते ‘पूल बांधणं’. म्हणजे अडचणीचा प्रश्न आला की “यापेक्षा महत्त्वाचं असं आहे की…” म्हणून आपल्या मुद्द्यावर यायचं. कंपनीच्या माणसाला हे शोभत असेल. बेपत्ता मुलाच्या प्रकरणात मी ते वापरलं, आणि बारा-पंधरा वर्षं गुन्हेगारीच्या बातम्या करणारे एक पत्रकार नंतर बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, तुम्ही उत्तर टाळलंत हे त्या मुलाच्या बापालाही दिसलं.” ते वाक्य मला फार लागलं. तेव्हापासून मी पूल बांधत नाही. “हे मला माहीत आहे, पण आज सांगता येणार नाही, कारण ओळखपरेड व्हायची आहे,” असं सरळ सांगते. कारण सांगितलं की माणसं ऐकून घेतात.

आता रेकॉर्डिंग. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, ‘प्रत्येकाला स्वतःच्या सराव-मुलाखतीचं रेकॉर्डिंग मिळेल.’ मिळाली ती एक लिंक. मग गणपतीचा बंदोबस्त, त्यामागे नवरात्र, पाहायला सवड झाली नाही. डिसेंबरात एका दरोड्यात आरोपी पकडले गेले, दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद होती, म्हणून आदल्या रात्री लिंक उघडली तर ती बंद. मुदत ९० दिवसांची होती, आणि ही अट माहितीपत्रकात कुठेच नव्हती. पुन्हा चालू करायचे अडीच हजार अधिक जीएसटी. माझा चेहरा, माझा आवाज, माझे पैसे, आणि बघायचं तर वर आणखी २,९५०!

पैशांवरून मी भांडायला लागले, पण चौथ्या-पाचव्या ईमेलपाशी मला वेगळीच काळजी लागली. सरावासाठी प्रत्येकानं आपल्याच हद्दीतला एक गुन्हा निवडायचा होता. मी नावं बदलली होती, गाव बदललं नव्हतं. म्हणजे तपासावर असलेल्या गुन्ह्याबद्दल बोलणारी एक पोलीस अधिकारी कुठल्या तरी खासगी सर्व्हरवर पडून होती. हे मला त्या दोन दिवसांत सुचायला हवं होतं, आणि त्यांनी तर पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मग मी दोन गोष्टी मागितल्या : फाईल द्या, आणि दिल्यावर तुमच्याकडची पुसल्याचं लेखी द्या. पहिली मिळाली. दुसरी अजून नाही.

परवा रात्री फाईल लावली. बसणं नीट, नजर स्थिर, आवाज चांगला. आणि नवव्या मिनिटाला मी म्हणते : “आरोपीनं गुन्ह्याची कबुली दिली आहे.”

मी ते तीनदा ऐकलं. पुढे सरांची टिप्पणी आहे : “उत्तम, आत्मविश्वास छान, फक्त उजवा हात कमी हलवा.” खोलीत आम्ही १२ अधिकारी होतो, एकाच्याही लक्षात आलं नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी साक्ष अधिनियमाचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. तरीही न्यायालयात जे मांडता येत नाही ते आम्ही बूमसमोर मांडतो, आणि गावानं त्या माणसाला संध्याकाळच्या बातमीतच दोषी ठरवलेलं असतं. मी रात्रीच या आठ महिन्यांतल्या माझ्या प्रेसनोट चाळल्या. दोन ठिकाणी तेच वाक्य सापडलं.

इथे माझं मत पालटलं. कार्यशाळेत कायद्याला मिळाली होती २५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, पण पडद्यावर लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड न करण्याबद्दल जुन्या दंड संहितेचं २२८-अ हेच कलम होतं, भारतीय न्याय संहितेचं ७२ नव्हतं. गृह मंत्रालयाच्या १ एप्रिल २०१० च्या सल्लापत्राचा उल्लेखही झाला नाही. पहिल्या ४८ तासांत घटनेची वस्तुस्थिती आणि तपास सुरू झाल्याचं सांगा, त्यापलीकडे अनावश्यक बोलू नका, अटक केलेल्यांना कॅमेऱ्यांपुढे मिरवू नका, हे त्यात स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांच्या माध्यमांशी बोलण्याबद्दल सविस्तर नियमावली करायला केंद्राला सांगितलं, तेही नाही.

उदाहरणांचा तर तुटवडा नाही. २००८ मध्ये नोएडात एका किशोरवयीन मुलीचा खून झाला आणि महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं पत्रकार परिषदेत हेतू सांगताना त्या मुलीच्याच चारित्र्याबद्दल शंका घेतली, तिचं नावही चुकीचं घेतलं. २०१८ मध्ये आपल्याच राज्यात पोलिसांनी पत्रकार परिषदेत एल्गार परिषद प्रकरणातली पत्रं वाचून दाखवली, तेव्हा प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसं केलं, असं मुंबई उच्च न्यायालयानं विचारलं. या दोन्ही वेळी हात किती हलले याला काही अर्थ नव्हता.

आणि ‘पोक्सो’चं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३. नाव सांगू नका एवढंच सगळे लक्षात ठेवतात. त्यात पत्ता, कुटुंब, शाळा, शेजारही येतो. “मॅडम, कुठल्या शाळेतली?” हा प्रश्न मला दर वेळी येतो. लहान गावात वय, वस्ती आणि वडिलांचा धंदा एवढं सांगितलं की नाव सांगायची गरजच उरत नाही. ती मुलगी उद्या त्याच रस्त्यानं शाळेत जाणार असते. यावर सरावाची एकही मुलाखत झाली नाही.

तरी घ्यावं का? पहिला दिवस जरूर घ्या, तो पैशांच्या मोलाचा आहे. फाईल त्याच रात्री उतरवून घ्या, आणि सरावाला चालू गुन्हा वापरू नका. दुसऱ्या दिवसाची भरपाई मला काल घराजवळच सापडली. आमच्या न्यायालयातल्या सरकारी वकील मॅडमना मी ते नववं मिनिट ऐकवलं. त्या म्हणाल्या, “हे आरोपीच्या वकिलांनी मला ऐकवण्याआधी तुम्ही ऐकवलंत, बरं केलंत.” दुसऱ्या शनिवारी दोन तास द्यायला त्या तयार झाल्या, एक पैसा न घेता. सहा ठाण्यांचे अधिकारी येतायत. प्रत्येकानं आपल्या शेवटच्या तीन प्रेसनोट आणायच्या आहेत. माझ्या त्या दोन मी पिशवीत घालून ठेवल्यात.